कुंडलिकेचे फेसाळते पाणी आणि नौकाविहाराची शिस्त

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात डोह तेवढे उरतात. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदी याला अपवाद आहे. ऐन उन्हाळ्यातही तिच्या पात्रातून फेसाळते पाणी खळाळत जाते. या पाण्यावरून हवा भरलेल्या रबरी नौकांतून, म्हणजेच राफ्टमधून, प्रवास करण्यासाठी मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळी कोलाड परिसरात मोठ्या संख्येने येतात. या क्रीडेमुळे परिसरातील तरुणांना रोजगाराचे नवे साधन लाभले आहे. मात्र कुंडलिकेला बारमाही करणारे पाणीच अनभिज्ञ माणसाला घातक ठरू शकते, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

घाटमाथ्यावरचे पाणी

कुंडलिकेत उन्हाळ्यात वाहणारे पाणी मुख्यतः मुळशी जलाशयातील आहे. मुळा नदी वस्तुतः पूर्ववाहिनी असून तिचे पाणी भीमेकडे जाते. मुळशी येथे धरण बांधून हे पाणी पश्चिमेकडे वळविण्यात आले. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. पुढे १९२७ मध्ये भिरा येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली उतरणारे पाणी तेथील चक्रे फिरविते आणि मग कुंडलिकेच्या पात्राला मिळते.

साहजिकच नदीतील पाण्याची चढउतार वीजनिर्मितीवर अवलंबून असते. सकाळी जेथे गुडघाभर पाणी असते, तेथेच पाणी सोडल्यावर थोड्या अवधीत माणूस वाहून जाईल इतका ओघ येतो. आकाश निरभ्र असल्याने कोणास शंकाही येत नाही. राफ्टचा मार्गदर्शक पाणी सुटण्याची वाट पाहूनच निघतो. परंतु पात्रातील खडकावर बसलेला सहलकरू, कपडे धुणारी गृहिणी किंवा मासे धरणारा मुलगा यांना त्याची वार्ता असतेच असे नाही. पावसाळ्यात तर डोंगरउतारावरील पाण्याची यात भर पडते.

खळाळांची प्रत

नदीतील खळाळांची त्यांच्या अवघडपणानुसार सहा श्रेणींत विभागणी करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पहिली श्रेणी सर्वांत सौम्य, तर सहावी जवळजवळ अगम्य. कुंडलिकेवरील खळाळ सामान्यतः दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत मोडतात. तथापि श्रेणी ही कायमची नसते. पाणी वाढले की तोच खळाळ अधिक अवघड होतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम येथे विसरून चालत नाही.

म्हणूनच राफ्टमधील प्रत्येकाने अंगाला घट्ट बसणारे, सर्व बंद बांधलेले जीवरक्षक जाकीट व शिरस्त्राण घातले पाहिजे. उत्तम पोहणाराही यास अपवाद नाही, कारण खडकावर डोके आपटून शुद्ध हरपली तर पोहण्याची कला उपयोगी पडत नाही. निघण्यापूर्वी मार्गदर्शकाने वल्ही मारण्याचे इशारे समजावून त्यांचा सराव घ्यावा. मद्यपान केलेल्या व्यक्तीस नौकेत घेऊ नये.

पाण्यात पडल्यास उथळ प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय खडकाच्या कपारीत अडकला, तर मागून येणारा लोंढा माणसास वाकवून पाण्याखाली दाबून धरतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे व पृष्ठभागाजवळ ठेवून हातांनी काठाकडे सरकावे. उलटलेली नौका आणि पुढील खडक यांच्यामध्ये कधीही सापडू नये.

संथ पाण्याचा फसवेपणा

संथ पाण्यातील होडीविहार निर्धोक वाटतो. पण तेथेही शिस्त हवी. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक माणसे घेणे, छायाचित्रासाठी उभे राहणे, सर्वांनी एकाच बाजूस सरकणे यांमुळे होडी कलंडते. बंधाऱ्याच्या निकट तर जाऊच नये. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन उलटे फिरते आणि तरंगती वस्तू पुनःपुन्हा धारेखाली ओढते. वरच्या बाजूने पाहणाऱ्यास मात्र केवळ शांत जलपृष्ठ दिसते.

ग्रामपंचायतीचे कार्य

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा उपक्रमांच्या संयोजकांसाठी नोंदणीची पद्धत घालून दिली. त्याच वर्षी संसदेने अंतर्देशीय जलयानांविषयी नवा कायदा केला. यंत्राविना चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत करण्याचा विचारही त्यात आहे. तथापि कायद्याचे रक्षण घाटापर्यंत पोचविण्याचे काम गावालाच करावे लागते.

वीजकेंद्राशी संपर्क ठेवून पाणी सोडण्याची वेळ गावात कळविण्याची व्यवस्था प्रत्येक काठच्या ग्रामपंचायतीने करावी. विजेच्या गरजेनुसार ही वेळ बदलते. म्हणून केवळ फलक पुरेसा नाही, भोंगा वा ध्वनिक्षेपकही हवा. प्रत्येक घाटावर लांब दोर व बांबू ठेवावा. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी आधी काठी पुढे करावी, मग दोर फेकावा, त्यानंतर नौका न्यावी. पाण्यात उडी घेणे हा प्रशिक्षिताचाच मार्ग होय. अप्रशिक्षित माणसाने भावनेच्या भरात उडी घेतल्यास एकाऐवजी दोन जीव जाण्याचा धोका असतो.

शाळेत शिक्षकांनी हा पाठ प्रात्यक्षिकासह द्यावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीस उलटे टांगणे, पोट दाबणे यांत मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असल्यास तत्काळ तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू करावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे कौशल्य गावातील दहा तरुणांनी जरी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शिकून घेतले, तरी घाटावर वेळेला मदतीस येणारे हात उपलब्ध होतील.

कुंडलिकेचे पाणी वीज देते, शेती भिजविते आणि आता उपजीविकाही देऊ लागले आहे. पाणी केव्हा सुटणार हे काठावरच्या शेवटच्या माणसाला वेळेत कळेल, तेव्हाच हा लाभ खऱ्या अर्थाने गावाच्या पदरी पडेल.