यंत्राचा आवाज आणि वंगण
(सामान्य विज्ञान, इयत्ता सहावी व सातवी)

घर्षणाचा पाठ पुष्कळ शाळांतून फळ्यावरच संपतो. तळहात एकमेकांवर घासावेत, उष्णता उत्पन्न होते असे सांगावे आणि पुढील पाठाकडे वळावे, असा परिपाठ पडून गेला आहे. वस्तुतः कळंब तालुक्यातील मुलांच्या अवतीभवती बैलगाडी, शिवणयंत्र, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र अशी साधने आहेत. त्यांचे आवाज मुलांच्या कानांवर असतात. त्यांचा अर्थ तेवढा उलगडून द्यावयाचा असतो.

तेलामुळे भाग 'गुळगुळीत' होतात, हे मुलांचे उत्तर अपुरे आहे. 1883 साली बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसावरील बेअरिंगचे प्रयोग केले. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर त्याने छिद्र पाडले, तो आस फिरताना तेल त्यातूनच वर येऊ लागले. छिद्रात लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. फिरता आस तेलाला आपल्याबरोबर ओढून दाब निर्माण करतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो, याची गणिती उपपत्ती ऑसबॉर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडली. यावरून इंजिन सुरू करताच त्यावर भार का टाकू नये, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. थांबलेल्या यंत्रात हा थर नसतो. तो गतीने तयार होतो.

आता आवाजाविषयी. नुसता 'आवाज येतो' म्हणणे निरुपयोगी आहे. तो केव्हा येतो? गतीबरोबर वाढतो काय? भार टाकल्यावर, थंड असताना, की तापल्यावर? डिझेल इंजिनात भार पडताच खोल, जड ठोका ऐकू येऊ लागला, तर क्रँकचे बेअरिंग झिजल्याचा संशय घ्यावा व इंजिन बंद करावे. ते तसेच चालविल्यास दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि तोही ऐन हंगामात. वरच्या बाजूची हलकी, नियमित टिकटिक बहुधा व्हॉल्व्हमधील अंतर वाढल्याची असते. थंड असताना येणारा व तापल्यावर मावळणारा ठोका झिजलेल्या पिस्टनचा असू शकतो. पट्ट्याची किंकाळी मात्र वंगणाने थांबत नाही. पट्टा सैल आहे काय ते पाहावे. त्यावर तेल घातल्यास तो अधिकच घसरेल.

तेल काळे दिसले म्हणजे बिघाड झाला, असे पुष्कळांना वाटते. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते लवकर काळे पडतेच. दुधाळ झाले तर पाणी शिरले असावे. पातळ होऊन पातळी वाढली तर डिझेल मिसळले असावे. चकाकणारे कण दिसले तर धातू झिजत आहे. पातळी इंजिन सपाटीवर उभे करून व थांबवून काही वेळाने पाहावी.

वर्गातील प्रयोगास शिवणयंत्र उत्तम. हातचाक फिरवून आवाज ऐकवावा, प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा व पुन्हा ऐकवावा. घरचे करडईचे तेल वापरू नये. ते हवेने हळूहळू चिकट होऊन भाग अडकतात. बैलगाडीच्या कण्याला आपले वाडवडील एरंडेल लावीत, ते दाट असते व धातूला धरून राहते. आजोबांना विचारून येण्यास सांगितल्यास मुले याहून अधिक माहिती आणतील.

जाणकार कारागीर लाकडी दांड्याचे एक टोक इंजिनाच्या अंगाला व दुसरे कानाशी लावून आवाजाची जागा शोधतात. मुलांना हे बंद पेटीत वाजणारे घड्याळ ठेवून करून दाखवावे, चालू यंत्रावर कदापि नाही. मळणीयंत्राच्या व गिरणीच्या पट्ट्यात पदर, ओढणी वा उपरणे सापडून माणसे हात गमावतात, प्रसंगी जीवही. गिरणी दाखवावयास न्यावयाची झाल्यास प्रथम ती बंद करवून घ्यावी, भाग दाखवावेत, आणि सुरू झाल्यावर मुलांना दाराबाहेर उभे करून केवळ ऐकवावे.