घरातील एकत्र वाचन : ऐकणे आणि विचारणे

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ आपण वर्षावास म्हणून पाळतो. या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील अनेक विहारांत आणि घरांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. ही प्रथा चांगली आहे. परंतु वाचन केवळ ऐकण्यासाठी असते की विचारण्यासाठीही असते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच बाजूने थोडा विचार करावयाचा आहे.

सुभेदार रामजींच्या घरातील वाचन

या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तिच्यात त्यांनी आपल्या बालपणीची एक हकिकत सांगितली आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी. ते रोज रात्री झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांच्या थोरल्या भावाकडून रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचून घेत. ऐकायला बहिणी असत, शेजारपाजारची माणसेही येत. हा क्रम कितीतरी वर्षे चालला.

पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाच्या मनात प्रश्न उभा राहिला. ज्या ग्रंथांत शूद्रांची आणि अस्पृश्यांची मानहानी आहे, ते ग्रंथ आम्हांला का वाचायला लावता, असे त्याने वडिलांना विचारले. वडील कडक शिस्तीचे. त्यांना तो प्रश्न आवडला नाही. तुम्ही मुले आहात, सांगितले ते करा, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते.

मात्र गोष्ट तेथे संपली नाही. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. अस्पृश्यतेमुळे मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून आपण हे वाचून घेतो, असे त्यांनी सांगितले. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही माणसे लहान स्थितीतून किती वर गेली, याचे दाखलेही दिले. मुलाला त्यात तथ्य वाटले, पण त्याचे समाधान झाले नाही. तो शोध पुढे बुद्धापर्यंत गेला.

या हकिकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. मुलगा रोज मोठ्याने वाचत होता म्हणूनच ग्रंथात काय आहे ते त्याला नेमके ठाऊक होते, आणि म्हणूनच त्याला प्रश्न पडला. दुसरी गोष्ट वडिलांची. आधी रागावलेला बाप नंतर विचार करून मुलाला कारण सांगतो, हे शंभर वर्षांपूर्वीच्या काळात साधे नव्हते.

ऐकण्याची जुनी परंपरा

भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती झाली. तिच्यात आनंदांनी भगवंतांचे उपदेश आठवून म्हटले, असे परंपरा सांगते. ते पाठ करून ठेवणाऱ्या भिक्खूंना भाणक म्हणत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहून काढले गेले. म्हणजे त्यापूर्वी कित्येक पिढ्या धम्म कानांनीच जपला. पण त्याच भगवंतांनी कालामांना सांगितले की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, म्हणून काही मान्य करू नका.

अलीकडच्या काळातही हेच दिसते. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी. तेव्हा वस्तीत अक्षरओळख असलेला एखादाच असे. तो वाची, भोवती बसलेले ऐकत, आणि मग चर्चा होई. वाचणारा एक असला तरी अंक साऱ्या वस्तीचा होई.

आपल्याकडची परिस्थिती

बँकेच्या काउंटरवर एक अनुभव नेहमी येतो. जामिनाच्या कागदावर सही किंवा अंगठा करायला माणूस येतो. मजकूर वाचून दाखवला की मान डोलावतो. ‘समजलं का? काही विचारायचंय?’ म्हटले तर ‘नाही साहेब, तुम्ही सांगताय ते बरोबरच असंल’ म्हणतो. कर्ज दुसऱ्याचे आणि जबाबदारी याची, तरी तो विचारीत नाही. ही सवय काउंटरवर लागत नाही, घरातच लागते.

याउलट उदाहरणही जामखेडचेच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यात तयार झालेल्या गावोगावच्या अनेक आरोग्यसेविकांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐकून, पुन्हा सांगून, एकमेकींना विचारून त्या शिकल्या आणि गावाच्या उपयोगी पडल्या. तेव्हा आपल्या घरातली निरक्षर आजी वाचनाच्या बैठकीत पाहुणी नव्हे, बरोबरीची सभासद आहे.

आपल्या तालुक्यातील अनेक कुटुंबे पावसाळा सरल्यावर ऊसतोडीला जातात. कोणाची मुले बरोबर जातात, कोणाची आजीजवळ राहतात. वर्षावासाचे तीन महिने म्हणजे सारे घर एकत्र असण्याचे दिवस. म्हणूनच ते वाया घालवू नयेत.

वाचन कसे करावे

१) रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे पुरेत. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद असावेत.

२) रोज वाचणारा बदलावा. इंग्रजी माध्यमातली मुले मराठी वाचताना अडखळतात. त्यांना हसू नये, मध्येच टोकू नये. वाक्य संपल्यावर शब्द सांगावा. शाळा सुटलेल्या आईनेही वाचावे.

३) ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील मजकूर लहान लहान क्रमांकित परिच्छेदांत आहे. दहा-बारा परिच्छेदांनंतर थांबावे आणि घरातल्या सर्वांत लहानाला आधी विचारू द्यावे.

४) उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणावे, आणि उद्या खरोखर सांगावे.

५) इतर पुस्तकेही वाचावीत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त एकेका रात्री एकेक गोष्ट सांगितली आहे, त्यामुळे ते रोजच्या वाचनास सोयीचे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ किंवा शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ वाचले की आजी स्वतःच बोलू लागते. मग पुस्तक बाजूला ठेवून तिचे ऐकावे.

६) ऊसतोडीला जाणाऱ्यांनी एक पातळ पुस्तक सामानात ठेवावे. कोपीवर रोज जमणार नाही, पण सवड मिळेल त्या रात्री दोन पाने होतील.

ग्रंथ कापडात गुंडाळून फोटोजवळ ठेवला की आदर दाखवल्यासारखे वाटते. पण पानांना बोटांचे डाग पडलेले, मध्येच पेन्सिलीने प्रश्नचिन्हे केलेले पुस्तक ज्या घरात असेल, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी ‘यात काय लिहिलंय?’ असे न भिता विचारील. येत्या वर्षावासात प्रत्येक घराने एवढा संकल्प करावा, ही सर्वांना नम्र विनंती.

जयभीम.