कानात बघितल्याशिवाय थेंब नको

चिकलठाण्यात पावसाळा लागला की आमच्या मेडिकलवर कानाच्या थेंबांची मागणी वाढते. एमआयडीसीतून सुटलेली पोरं, शेतातून आलेले काका, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळ्यांचं बोलणं साधारण सारखंच असतं. "ताई, कान ठणकायलाय, एक ड्रॉप द्या." कोणी मागच्या वर्षीची रिकामी बाटली पुढे करतं: "हाच पाहिजे, याच्यानं फरक पडला होता." मी डी.फार्म. झालेली, नोंदणीकृत फार्मासिस्ट. गेली कित्येक वर्षं या काउंटरमागे उभी आहे. कोणता थेंब कशावर चालतो, त्यात काय काय असतं, हे मला नीट माहीत आहे. तरीही कानाच्या बाबतीत मी जितक्या गिऱ्हाइकांना औषध देते, त्याहून जास्त जणांना डॉक्टरकडे पाठवते. त्याचं कारण सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

कान हा आत वळलेला अवयव आहे. डोळा लाल झाला तर समोरच्याला दिसतो, पायाची जखम चिघळली तर दिसते. कानाचा पडदा मात्र साधारण अडीच सेंटीमीटर आत, वाकड्या नळीच्या टोकाला असतो. तो बघायला ऑटोस्कोप लागतो आणि तो वापरायचं शिक्षण लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. आणि कानाची पंचाईत अशी की अगदी वेगवेगळे आजार एकच तक्रार घेऊन येतात. "कानाला दडा बसलाय" म्हणणाऱ्याच्या कानात मळ साचलेला असू शकतो, सर्दीने पडद्यामागे पाणी भरलेलं असू शकतं, बुरशी असू शकते किंवा ऐकण्याची नसच अचानक कमजोर झालेली असू शकते. पहिल्यात वाट बघितली तरी चालतं. शेवटच्यात एकेक दिवस मोलाचा असतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर बघितलं ते माझ्या धाकट्या दिरामुळे.

तो एका कारखान्यात प्रेस शॉपला. नाईट करून आला, झोपला, दुपारी उठला तर डावा कान बंद आणि आत सूं-सूं आवाज. त्याची खोली नारेगावकडे. खोलीजवळच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलाने मळ विरघळवायचा ड्रॉप दिला, पाच दिवस घाला म्हणाला. फरक पडला नाही तेव्हा दुसरा दिला. दुखत नव्हतं, पू नव्हता, ताप नव्हता, त्यामुळे कोणालाच काळजी वाटली नाही, त्यालाही नाही. आम्हाला फोनवर बोललासुद्धा नाही. महालक्ष्म्यांना घरी आला तेव्हा पंगतीत वाढताना माझ्या लक्षात आलं की डावीकडून विचारलं तर हा पूर्ण मान वळवून उजवा कान पुढे करतो. तोवर तीन आठवडे होऊन गेले होते.

मी त्याला म्हटलं, "भाऊजी, तोंड मिटून नुसता 'म्' असा हुंकार भरा. आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो?" मळाने किंवा पडद्यामागच्या पाण्याने कान बंद असेल तर हा हुंकार बंद कानातच जास्त घुमतो. बोट घालून स्वतःचा कान बंद करा आणि करून बघा, कळेल. नस कमजोर झाली असेल तर हुंकार चांगल्या कानाकडे जातो. त्याने उजव्या, म्हणजे चांगल्या कानाकडे बोट केलं. ही काही पक्की तपासणी नाही. डॉक्टर हेच काम ५१२ हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कने आणि मग ऑडिओमेट्रीने नीट करतात. पण तेवढ्यावरून मला कळलं की आता आणखी एकही थेंब घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. कान स्वच्छ, पडदा चकचकीत, मळाचा कण नाही. आलेख काढला तर डाव्या कानाची रेघ खाली गेलेली. अचानक येणारा बहिरेपणा. बहुतेकांमध्ये त्याचं कारण सापडतच नाही. क्वचित नसेवर गाठ असते, म्हणून एमआरआयही केला. तो सुदैवाने निर्मळ निघाला. स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, मग पडद्यातून आत इंजेक्शनं झाली. थोडं ऐकू आलं, बाकी गेलं ते गेलं. आधी आला असता तर नक्की बरा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. काहींचं ऐकणं औषधाशिवायही परत येतं, काहींचं लगेच उपचार करूनही येत नाही. पण या उपचाराचा सगळ्यात जास्त उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत होतो, हे पक्कं आहे. ते दोन आठवडे नसलेला मळ विरघळवण्यात गेले. आज त्याला जालना रोडवर हॉर्न ऐकू येतो, पण कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. दिशा कळायला दोन कान लागतात. गाडी चालवताना ही उणीव किती मोठी असते, ते त्याच्या मागे बसल्याशिवाय समजत नाही.

तेव्हापासून माझ्या काउंटरवर एक नियम आहे. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, दुखत नसलं तरी, मी थेंब देत नाही. चिठ्ठीवर मिनी घाटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा रुग्णालयाचं, नाव लिहून देते.

दुसरी गोष्ट वाहणाऱ्या कानाची. आपल्याकडे "लेकराचा कान फुटलाय" हे इतकं सवयीचं झालंय की त्याची भीतीच उरली नाही. लहान मुलाच्या नाकामागून कानात जाणारी नळी मोठ्यांपेक्षा आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचा शेंबूड आणि जंतू पटकन मधल्या कानात पोचतात. रात्री मूल कळवळून रडतं, आणि पहाटे कानातून पू आला की एकदम शांत होतं. आईबापांना वाटतं बरं झालं. खरं तर तेव्हा पडद्याला भोक पडलेलं असतं आणि आतला दाब मोकळा झालेला असतो. हे भोक बहुतेक वेळा आपोआप भरतंही. पण नेमक्या त्याच वेळी घरातलं जुनं थेंबाचं औषध किंवा लसूण टाकून कढवलेलं तेल त्या भोकातून आत गेलं तर नुकसान होतं. जेंटामायसिन, निओमायसिन या जातीची औषधं आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात. मळ विरघळवायचे थेंबही फाटलेल्या पडद्यावर चालत नाहीत. पडदा फाटलाय की नाही हे मला काउंटरच्या अलीकडून दिसणार कसं? म्हणून कान वाहत असेल तर मी आधी बघून घ्यायला सांगते. पुवाला घाण वास येत असेल, कान महिनोन्‌महिने थांबून थांबून वाहत असेल, तर जास्तच आग्रह धरते. त्यात हाड खाणारा एक प्रकार असतो. तो कानामागच्या हाडात, चेहऱ्याच्या नसेत, अगदी मेंदूपर्यंत जातो. कान वाहणाऱ्या माणसाचं तोंड वाकडं झालं, कानामागे सूज आली, चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या, मान ताठ झाली, तर सकाळची वाटसुद्धा बघायची नाही.

कानात खाज आणि दडा, पावसाळ्यात, तेल घालायची सवय असलेल्यांना, ही तक्रार बऱ्याचदा बुरशीची असते. आत ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. लोक मागतात ॲंटिबायोटिकचा थेंब. त्याने जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. तिच्यावर आधी कान साफ करून घेणं हाच निम्मा उपचार, आणि ते काम घरच्या काडीचं नव्हे. कानाच्या नळीची कातडी मळाला स्वतःच बाहेर ढकलत असते. इअरबड त्याला पुन्हा पडद्याकडे लोटतो. बसस्टँडवर सळई घेऊन कान साफ करून देणारे बसतात, त्यांच्यासमोर तर कृपा करून बसूच नका.

कान ठणकतोय पण कानात काहीच नाही, असंही होतं. दाढ किडली, जबड्याचा सांधा दुखला, टॉन्सिल सुजले तरी दुखणं कानात येतं, कारण नसा सामायिक आहेत. आपल्या भागात याचा एक गंभीर अर्थ आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी गालात काय असतं ते मला रोज दिसतं. तंबाखू, गुटखा खाणाऱ्या माणसाचा एकच कान आठवड्यांमागून आठवडे दुखतोय, गिळताना कळ कानात जाते, आवाज बसलाय किंवा तोंड पूर्ण उघडत नाही, तर ते जिभेच्या मुळाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं. अशा माणसाला मी वेदनाशामक गोळीची पट्टी देत नाही. तो रागावतो. रागावू दे.

मधुमेह असलेल्यांना वेगळं सांगते. साखर वाढलेल्या, वय झालेल्या माणसाचा कान रात्री झोपू देणार नाही इतका ठणकत असेल तर कानातला संसर्ग कवटीच्या हाडात उतरू शकतो. त्याला शिरेतून किंवा तोंडावाटे आठवडेच्या आठवडे औषध लागतं, ड्रॉपने भागत नाही.

आणि कानात गेलेल्या वस्तू. हरभरा किंवा चिंचोका गेला तर पाणी घालू नका, तो फुगतो. जिवंत किडा फडफडत असेल आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल तर कोमट तेलाचे चार थेंब घालून तो मारावा, काढायचं काम मात्र डॉक्टरवर सोडावं. खेळण्यातला किंवा घड्याळाचा बटणासारखा सेल गेला असेल तर एकही थेंब न घालता त्याच तासाला दवाखाना गाठा. ओलावा मिळाला की तो सेल आतली कातडी जाळत जातो.

मग आम्ही कशाला बसलोय, असं विचाराल. आमचंही काम आहे, आणि ते कमी नाही. सर्दीतल्या साध्या कानदुखीला पॅरासिटामॉल किती द्यायचं हे लेकराच्या वजनावरून आम्ही सांगतो. किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. पूर्वी कधीच न फुटलेल्या, न दुखणाऱ्या कानात मळ आहे असं डॉक्टरांनी एकदा बघून सांगितलं असेल, तर पुढच्या वेळी तो मऊ करायचं औषध आमच्याकडून घ्या. तुम्ही आधीपासून घेत असलेली एखादी गोळी कानात आवाज आणतेय का, हेही विचारा. ॲस्पिरिनचा मोठा डोस, लघवीची काही औषधं, टीबीची ॲमिकासिनची इंजेक्शनं, यांनी तसं होऊ शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका, पण आम्हाला दाखवा.

थेंब घालायची रीतही विचारून घ्या, कारण ती बहुतेकांची चुकते. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची. थंड थेंबाने गरगरतं. कुशीवर झोपून मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा खाली आणि मागे. थेंब टाकून कानापुढचा उंचवटा दोनतीनदा दाबायचा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. बाटली उघडली की महिनाभरात फेकायची. डोळ्याचा थेंब डॉक्टर कधी कधी कानात सांगतात. कानाचा थेंब डोळ्यात कधीच घालायचा नाही.

चिठ्ठीशिवाय ॲंटिबायोटिक नाकारलं की गिऱ्हाइकाला ते माझं आडमुठेपण वाटतं. पट्टीवर लाल उभी रेघ असलेलं औषध शेड्यूल एचमधलं. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं तर शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. त्यांची वेगळी वही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. दुकानात फार्मासिस्ट हजर आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नसेल तर तिथून कानाचं काहीच घेऊ नका.

लोक डॉक्टर टाळतात ते बहुतेक पैशांसाठी, हे मला माहीत आहे. शंभर-सव्वाशेत ड्रॉप येतो, खाजगी दवाखान्यात फीच त्याहून जास्त, आणि सुट्टी टाकली की रोज बुडतो. पण चिकलठाण्यात राहणाऱ्याला ही अडचण कमी आहे. इथलं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपली मिनी घाटी, सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर कामगार विमा रुग्णालयही इथेच आहे. मोठं ऑपरेशन लागलं तर पाणचक्कीकडचं घाटी रुग्णालय आहेच. आवाजाच्या खात्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे. डॉक्टरांनी तो आढळल्यावर कळवायचा असतो. तेव्हा कुठल्या मशीनवर काम करता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि कापसाच्या बोळ्याऐवजी कंपनीकडून इअरप्लग मागून घ्या.

चिकलठाणा, मुकुंदवाडी, ब्रिजवाडी, नारेगाव इथल्या सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर दुखायची वाट बघू नका, माझ्याकडेही येऊ नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओपीडीला मिनी घाटीत केसपेपर काढा, आणि आजार कधी, किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.