शॉर्टकट एका फाइलीत चालतो, दुसरीत नाही

प्रश्न : ईमॅक्समध्ये आजची तारीख टाकायला मी कंट्रोल-सी, कंट्रोल-डी असा शॉर्टकट लावला. साध्या फाइलीत तो नीट चालतो, पण ऑर्ग फाइलीत कॅलेंडर उघडून डेडलाइन विचारतो. ईमॅक्स बिघडलं का? पुन्हा टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुन्हा टाकू नका, काहीही बिघडलेलं नाही. तुमची नोंद शाबूत आहे, फक्त झाकली गेली आहे. कळ दाबली की ईमॅक्स आधी त्या फाइलीच्या मोडचा तक्ता बघतं, सर्वसाधारण तक्ता सगळ्यात शेवटी. ऑर्गने ही जोडी आधीच डेडलाइनला दिलेली आहे. खात्री करायची तर कंट्रोल-एच, मग के दाबून तुमचा शॉर्टकट दाबा. ‘ऑर्ग-डेडलाइन’ हे नाव समोर येईल.

कंट्रोल-सी दाबून बोट उचला आणि नुसतं डी दाबा, असा शॉर्टकट लावा. कंट्रोल-सी आणि पुढे साधं अक्षर ही जागा तुमच्या-माझ्यासाठीच राखीव आहे. एफ५ ते एफ९ सुद्धा. २९व्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘कीमॅप-ग्लोबल-सेट’ वापरा.

कंट्रोल-जीला मात्र हात लावू नका, अडकल्यावर तीच सोडवते. आणि सेटिंगच्या फाइलीत एखादा कंस राहून ईमॅक्स सुरू होताना तक्रार करू लागलं, तर घाबरू नका. टर्मिनलमधून ‘उणे क्यू’ जोडून उघडा, म्हणजे ती फाइल न वाचताच ते सुरू होईल आणि कंस दुरुस्त करता येईल.