घरी बनवा स्पीकरची जोडी : वॅटला भुलू नका, माप धरा

आपल्या समाजात हाताचे हुनर पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. सुतार, वायरमन, गादीवाला, रंगारी, विणकर हे सगळे एकाच मोहल्ल्यात सापडतात. चांगल्या स्पीकरच्या जोडीला नेमके हेच हात लागतात. तरीही आपण बाजारात जातो, खोक्यावर छापलेला वॅटचा मोठा आकडा पाहतो आणि पैसे मोजून येतो. म्हणून आज या पानावर घरी स्पीकर बनवण्याचा सबक देत आहोत. हा शौकाचा विषय आहे, पण कारागीर आणि व्यापारी दोघांनाही त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

काय ऐकावे, काय ऐकू नये, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. कुणी तिलावत ऐकेल, कुणी नात, कुणी कव्वाली, कुणी नुसत्या बातम्या. स्पीकरचे काम एकच : जे आले ते जसेच्या तसे पोहोचवायचे. पदरचे काही घालायचे नाही आणि काही गाळायचेही नाही.

वॅटचा फसवा आकडा

१९९० च्या दशकात टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टीमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ असे लिहून हजार-हजार वॅट छापले जात. हा आकडा फार तर क्षणभराच्या उसळीचा, आणि तो कसा मोजायचा याचा कोणताही ठरलेला नियम नव्हता. आजही असे फुगवलेले आकडे दिसतात. ओळखण्याची सोपी युक्ती आहे. सोबत दिलेला अॅडॉप्टर पाहा. त्यावर १२ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट. अॅडॉप्टरवर चालणारे यंत्र सतत त्याहून जास्त देऊच शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. कपड्याच्या दुकानात मीटरमागे चार बोटे कमी मोजणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच इथेही लागू आहे.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. म्हणून स्पीकर घेताना त्याची संवेदनशीलता विचारा. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आणि ९० डेसिबल देणारा स्पीकर यांत दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी वीज पुरते. दहा बाय बाराच्या खोलीला खरे २० वॅट भरपूर झाले.

पेटी का लागते?

नुसता वूफर हातात धरून वाजवा. आवाज पातळ येईल, खर्ज जवळजवळ नाहीसा. आता प्लायच्या मोठ्या तुकड्याला भोक पाडून वूफर त्यावर दाबून धरा. खर्ज लगेच भरून येतो. कारण साधे आहे. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असतात. त्या कडेवरून भेटल्या की एकमेकींना मारतात. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे लहानशी कड तिला अडवू शकत नाही. पेटी मागच्या लहरीला कोंडून ठेवते. म्हणून पेटी ही सजावट नव्हे, ती यंत्राचा अर्धा भाग आहे.

आज आपण वापरतो तो कॉइल आणि कोनचा स्पीकर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडला. पुढे १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. तरी पेटी नेमकी किती मोठी हवी, हे बरेचसे अंदाजानेच चाले. १९६१ साली ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थिल यांनी आणि नंतर १९७० च्या दशकात सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे गणित पक्के केले. आज कोणताही शौकीन त्याच गणितावर पेटी कापतो.

तीन आकडे

चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात. ते नसतील तर तो वूफर पहिल्या जोडीसाठी घेऊ नका.

१) एफएस : कोन स्वतःहून ज्या हर्ट्झवर डोलतो तो आकडा.
२) क्यूटीएस : डोलणारा कोन किती लवकर आवरला जातो त्याचे माप.
३) व्हीएएस : कोनच्या लवचिकपणाइतकीच लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये.

बंद पेटीचा हिशेब असा. ०.७०७ या संख्येला क्यूटीएसने भागा. आलेल्या उत्तराचा वर्ग करा. त्यातून १ वजा करा. जे उरेल त्याने व्हीएएसला भागा. आली पेटी, लिटरमध्ये.

समजा साडेसहा इंची वूफरचा एफएस ४५, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस १६ लिटर आहे. ०.७०७ भागिले ०.५ म्हणजे १.४१४. त्याचा वर्ग २. एक वजा केला, उरला १. सोळाला एकने भागले, पेटी १६ लिटरची. पेटीत बसल्यावर त्याचा डोल ४५ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ६४ हर्ट्झवर जाईल, आणि त्याच्या खाली आवाज हळूहळू उतरेल. पेटी याहून लहान केली तर खर्ज एकाच सुरात घुमू लागतो. पुष्कळ गिऱ्हाइकांना तोच ‘बेस’ वाटतो, पण तो स्पीकरने पदरचा घातलेला असतो.

कटाई

वूफर आणि आतल्या पट्ट्या थोडी जागा खातात, म्हणून आतले माप १७ लिटरच्या थोडे वर धरू. आतली रुंदी २० सें.मी., उंची ३६ सें.मी., खोली २४ सें.मी. म्हणजे १७.२८ लिटर. १८ मि.मी. एमडीएफ किंवा चांगला प्लाय घ्या. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्याने सांधे उघडतात. एका पेटीला तुकडे असे :

पुढची व मागची फळी : २३.६ × ३९.६ सें.मी., दोन
वरची व खालची : २३.६ × २४ सें.मी., दोन
बाजू : ३६ × २४ सें.मी., दोन

दोन पेट्यांना सुमारे सव्वादहा चौरस फूट बोर्ड लागतो. आठ बाय चारच्या एका बोर्डातून दोन जोड्या आरामात निघतात. वखारीतूनच मशीनवर कापून घ्या, म्हणजे कोन काटकोनात येतील. एमडीएफची धूळ बारीक आणि फुफ्फुसाला वाईट असते, तोंडाला मास्क बांधल्याशिवाय ते घासू नका.

सांध्यांना गोंद भरपूर लावा आणि क्लॅम्पने रात्रभर आवळून ठेवा. दोन्ही बाजूंच्या मध्ये एक आडवी पट्टी ठोका. पेटीवर बोटाने ठोकून पाहा. ‘ठक्’ असा कोरडा आवाज आला तर काम नीट झाले. ‘ढब्’ आला तर आणखी पट्टी लावा. वूफर बसवताना कडेखाली फोमची पट्टी द्या. मग कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच, सरळ आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी हवा गळते आहे. सांधे तपासा.

तार आणि क्रॉसओव्हर

जाड सूर वूफरला आणि बारीक सूर ट्वीटरला वाटून देणारा भाग म्हणजे क्रॉसओव्हर. दोन्ही स्पीकर ८ ओहमचे असतील तर सुरुवातीला ट्वीटरच्या तारेत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरच्या तारेत ०.३३ मिलिहेन्रीची कॉइल पुरते. वाटणी साधारण ४ हजार हर्ट्झवर होते. कपॅसिटर नॉन-पोलर हवा. ट्वीटर फार तीक्ष्ण वाटला तर त्याच्या तारेत लहान रेझिस्टर घाला.

दोन्ही वूफरची दिशा एक हवी. दीड व्होल्टच्या सेलची अधिक बाजू वूफरच्या अधिक टोकाला क्षणभर लावा. कोन बाहेर आला पाहिजे. एक जरी उलटा जोडला गेला तर खर्ज पळतो आणि बोलणाऱ्याचा आवाज मधून येत नाही.

कापड आणि रुई

स्पीकरमध्ये कापड ठिकठिकाणी असते. कॉइल मध्यभागी धरणारी नागमोडी चकती बहुधा राळ पाजलेल्या सुती कापडाची असते. अनेक चांगल्या ट्वीटरचे घुमट रेशमी असतात. पेटीत रजाईची पॉलिएस्टर रुई सैल भरा, ठासू नका. त्याने आतला घुमारा मरतो.

पुढच्या जाळीचे कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा विनासायास पार गेली पाहिजे. मखमल, पडद्याचे जाड कापड, अस्तर लावलेला माल इथे चालत नाही. लूमवरून उतरलेले कोरे कापड असेल तर आधी धुवा, कारण खळीने त्याची छिद्रे बुजलेली असतात. पॉलिएस्टरची विरळ विणीची जाळी सर्वांत बरी, दमट हवेतही ती ताणलेली राहते.

पारख कशी करावी?

माणसाचा आवाज हीच खरी कसोटी. कारी अब्दुल बासित यांच्या तिलावतीची चांगली ध्वनिमुद्रिते सहज मिळतात. ‘सीन’चा फुत्कार बहुतेक ४ हजार हर्ट्झच्या वर असतो, तो ट्वीटरचा भाग. ‘शीन’ त्याहून खाली सुरू होतो. ‘सीन’ आणि ‘साद’ यांतला फरक शेजारच्या स्वरात, मधल्या पट्टीत उमटतो, तो वूफर सांभाळतो. ही अक्षरे सुटी, स्वच्छ ऐकू आली तर वाटणी बरोबर. कारींचा आवाज माठातून आल्यासारखा वाटला तर पेटी घुमते आहे, किंवा स्पीकर कोपऱ्यात अडकले आहेत. त्यांना भिंतीपासून थोडे पुढे ओढा, ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करा. आवाज मात्र आपल्या खोलीपुरता. शेजाऱ्याचा हक्क विसरू नये.

कारागीर बंधूंना

तयार फर्निचरने सुताराचे बरेच काम नेले आहे. मापाची, हवाबंद, नीट पॉलिश केलेली पेटी मात्र शौकीन आजही हाताने करवून घेतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे वूफर-ट्वीटर मिळतात. जुना माल घेताना कोनभोवतीची फोमची कड बोटाने तपासा. वर्षांनी ती भुगा होते, पण नवी बसवता येते.

पहिली जोडी स्वतःसाठी करा. दुसरी एखाद्या नातेवाइकासाठी, फक्त सामानाच्या खर्चात. हात बसला की मगच ऑर्डर घ्या. आणि प्रत्येक पेटीच्या मागे चार गोष्टी स्पष्ट लिहा : पेटीचे लिटर, ओहम, संवेदनशीलता आणि सतत झेपणारे खरे वॅट. आकडा लहान दिसला म्हणून एखादे गिऱ्हाईक परत जाईल. त्याला दहा मिनिटे बसवून ऐकवा. खऱ्या मापाचा धंदा सावकाश जमतो, पण इन्शा अल्लाह त्यात बरकत असते.