केळीच्या गावातलं केळं



सावद्याहून कुठल्याही रस्त्यानं निघा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की काय दिसतं? पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. केळं का नाही आणलं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, मम्मी म्हणते सर्दी होते."

सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्यामुळे नाही. पण केळ्याचं भलतं कौतुकही नको. हिमोग्लोबिन कमी आलेल्या मुलीला "रोज दोन केळी खा, लोह वाढेल" असं आपणच सांगतो. केळं कापल्यावर काळं पडतं, म्हणजे त्यात लोह, असा समज आहे. खरं तर तो रंग केळ्यातल्या विकरामुळे हवेच्या संपर्कात येतो. लिंबू चोळा, काळं पडणं मंदावतं. १०० ग्रॅम पिकल्या गरात लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असतं. त्या मुलीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हव्यात, आणि ताटात पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, वर लिंबू पिळून.

मग केळ्यात आहे काय? तेवढ्याच गरात सुमारे ९० कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदकं, अडीच ग्रॅम तंतू, साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम आणि बरंचसं बी-६ जीवनसत्त्व. प्रथिनं ग्रॅमभरच. म्हणून डब्यात केळ्यासोबत मूठभर शेंगदाणे द्या. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र हेच पोटॅशियम घातक ठरू शकतं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळं नको. मधुमेह असलेल्या आजोबांनी किती खावं, हेही त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. हिरव्या केळ्याची एक चकती आणि पूर्ण पिकलेल्याची एक चकती घ्या, दोन्हींवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. हिरवी चकती लगेच निळीकाळी होते, कारण तिच्यात स्टार्च आहे. पिकलेली फारशी बदलत नाही, तिथे स्टार्चची साखर झालेली असते. (चकत्या नंतर फेकून द्या, आमच्याकडे एक पठ्ठ्या खायलाच निघाला होता!) स्टार्च असल्यामुळेच कच्चं केळं बटाट्यासारखं शिजतं. हाताला तेल लावून साल काढा म्हणजे चीक चिकटत नाही, फोडी मिठाच्या पाण्यात टाका, मग मोहरी-जिरं, लसूण, तिखट, दाण्याचं कूट. भाकरीबरोबर झकास लागते. वेफर्सही कच्च्या केळ्याचेच, पण तेल किती पितात ते बघा. सणावारी ठीक आहेत. शिकरणात साखर कशाला घालतात ते मला अजून कळलेलं नाही. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं मुळातच गोड असतं.

आणि केळफूल. घड पूर्ण निसवला की ते मोडून बांधावर टाकलं जातं. कोकणात त्याचीच भाजी करतात. वरची लाल पानं काढा, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पातळ पापुद्रा काढून टाका, बारीक चिरून रात्रभर ताक घातलेल्या पाण्यात ठेवा. सकाळी पिळून, भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर शिजवून फोडणी द्या. निवडायला वेळ लागतो, मुलांना सोबत बसवा. फक्त कपडे जुने घाला, त्या चिकाचे डाग निघत नाहीत.