भंगारातील मोटर आणि आजीची खवणी

विजेची मोटर आपण दिवसातून दहा वेळा चालू करतो. पण ती फिरते कशी, असे कोणी विचारले तर आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. मला या प्रश्नाकडे वळवले ते आजीच्या खवणीने. आमच्या रत्नागिरीत ओल्या नारळावाचून स्वयंपाक होत नाही, आणि संधिवाताने आजीच्या बोटांना आता विळी झेपत नाही. म्हणून भंगारवाल्याकडून कपडे धुण्याच्या यंत्राची जुनी मोटर आणली. खाऱ्या हवेने तिचे कवच गंजले होते, पण दांडा हाताने सहज फिरत होता.

मोटर उघडली आणि आश्चर्य वाटले. बाहेरच्या स्थिर भागात तांब्याच्या तारेची वेटोळी होती; आतला फिरणारा भाग मात्र पोलादी चकत्यांचा, त्यांत अॅल्युमिनियमच्या कांबी बसवलेला. त्याला एकही तार जोडलेली नव्हती. मग त्याला वीज मिळते कोठून?

याचे उत्तर फॅरेडेने १८३१ साली दिले आहे. वाहकाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहकात प्रवाह निर्माण होतो. वेटोळ्यांचे क्षेत्र गोल फिरू लागले की कांबींत प्रवाह उत्पन्न होतो आणि तो भाग क्षेत्रामागून ओढला जातो.

मोटरीतून तीन तारा बाहेर आल्या होत्या. मीटरने रोध मोजला. दोन जोड्यांत तो सारखाच, तिसरीत दुप्पट भरला. दुप्पट रोधाच्या जोडीत जी तार नव्हती, ती दोन्ही वेटोळ्यांची सामाईक तार हे उघड झाले. सामाईक तार व एक टोक यांना वीज दिली, दोन टोकांमध्ये जुना कंडेन्सर जोडला. मोटर नुसती गुणगुणली. लाकडी काठीने पुलीला उजवीकडे ढोसले, तर ती उजवीकडे धावू लागली. थांबवून डावीकडे ढोसले, तर डावीकडे! गुणगुणत राहिलेले वेटोळे तापून जळते, म्हणून लगेच वीज बंद केली.

हे कोडे शिवणयंत्राने सुटले. पायटा नुसता वरखाली होतो. चाकाला हाताने झटका द्यावा लागतो, आणि झटका उलटा बसला तर चाकही उलटे फिरते. एका वेटोळ्याचे क्षेत्रही असेच मागेपुढे होते. त्याला दिशा नसते. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह कंडेन्सरमुळे थोडा आधी चढतो. एक ओढ आधी, दुसरी मागाहून, अशी मिळून क्षेत्राला फेरी येते. माझा कंडेन्सर निकामी झाला होता, म्हणून दुसरी ओढच नव्हती. तितक्याच क्षमतेचा नवा जोडताच मोटर आपण होऊन फिरली. वीज दुसऱ्या टोकाला दिली की ती उलट फिरते. धुण्याचे कपडे दोन्हीकडे घुसळले जातात ते यामुळेच. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना इटलीतील तूरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ साली प्रयोगाने दाखवली. निकोला टेस्ला यांना अशा मोटरींचे अमेरिकन पेटंट १८८८ साली मिळाले.

माझी मोटर चार ध्रुवांची. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर तिचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, मोटर मात्र सुमारे १४००. ती क्षेत्राच्या बरोबरीने धावली तर कांबींना बदल जाणवणार नाही, प्रवाह थांबेल, ओढही संपेल. थोडे मागे राहणे हेच तिचे बळ!

पण खवणीला १४०० फेरे म्हणजे खोबरे भिंतीवर. म्हणून मोटरीला दोन इंची, खवणीच्या दांड्याला दहा इंची पुली लावून पट्टा चढवला. फेरे पाचपटीने उतरून २८० झाले, आणि घर्षणातली घट सोडली तर पीळ पाचपट वाढला.

असा उद्योग करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. कवचाला अर्थिंगची तार हवीच, कारण नारळाचे हात ओले असतात. पट्ट्यावर जाळी बसवावी. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहतो. तो रोधातून उतरवल्याशिवाय हात लावू नये. जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी.

आजीने पहिली वाटी खवली आणि म्हणाली, "बरं झालं रे, पण जरा जाडसर पडतंय." पुढचा अभ्यास आता खवणीच्या दात्यांचा!